साथीत अपेंडिक्स सुजलं: ऑपरेशन की अँटिबायोटिक?

बेंबीपाशी उठलेली कळ उजवीकडे खाली सरकली, तपासणीत अपेंडिक्स सुजलेलं निघालं. बाहेर संसर्गाची साथ, म्हणून रुग्णालयात राहायची भीती. मैत्रीण विचारते, ऑपरेशन टाळू का?

रुग्णालयातला मुक्काम: ऑपरेशनला भूल आणि बहुधा एखाद-दोन दिवस, औषधांवर काहींना लगेच घरी जाता येतं. टिकाऊपणात मात्र ऑपरेशन सरस. ऑपरेशन आणि अँटिबायोटिक यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या 2020च्या कोडा चाचणीत औषधं घेतलेल्या दर दहापैकी सुमारे तिघांना 90 दिवसांत ऑपरेशन लागलंच. अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत चौघांना.

घरी अंगावर काढणं हा पर्यायच नाही. कोविडमध्ये अनेक ठिकाणी फुटलेल्या अपेंडिक्सचा वाटा वाढला तो उशिरामुळे, आणि काही अंशी सौम्य रुग्ण रुग्णालयात आलेच नाहीत म्हणूनही.

खडा नाही, फुटलेलं नाही, दुखणं उलटलं तर लगेच परत येता येईल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं. खडा असेल किंवा टांगती तलवार नको असेल, तर ऑपरेशन.