नांगरवालं नाणं घ्यावं की बार कोखबाचं?

मित्र अडकलाय, पहिलं ज्यू नाणं कुठलं घेऊ. ज्यू राजा अलेक्झांडर यान्नायसचं (इ.स.पू. 103–76) तांब्याचं पिटुकलं नाणं स्वस्त, एका बाजूला सेल्युसिड (सीरियातले ग्रीक) राजांकडून उचललेला जहाजाचा नांगर, दुसरीकडे आठ किरणांचा तारा, पण बहुतेक झिजलेली नि अर्धवट ठसलेली मिळतात.

रोमनांविरुद्ध ज्यूंचं बंड करणाऱ्या बार कोखबाचं (इ.स. 132–135) सेला नावाचं चांदीचं मोठं नाणं मात्र खूप महाग, नकलाही फार, पण त्यावर जेरुसलेमचं ज्यू मंदिर आणि मागे ज्यू सणातली खजुराची झावळी नि महाळुंग फळ, म्हणजे मंदिर पडून साठेक वर्षं झाली तरी ते परत उभं राहायची आस तशीच! रोमन नाण्यांवरच ठसे मारलेत, कधीकधी खालचा सम्राट पुसट दिसतो, अंगावर काटा येतो.

हातात धरून बघायला, पोरांना दाखवायला नांगरवालं घे, चिन्हांचा अर्थ महत्त्वाचा असेल तर पैसे साठव नि सेलाच घे, फक्त खात्रीच्या माणसाकडून.