थॉम्पसनच्या एका जुन्या भागापायी १,३७८.५० डॉलर गेले

माझ्याकडे १९२१ च्या नमुन्याची, कोल्टने बनवलेली आणि कायद्याने रीतसर नोंदलेली थॉम्पसन सबमशीन गन आहे. तिचा वेग मिनिटाला ८०० गोळ्यांच्या वर जातो. अमेरिकी नौदलाला हाच वेग जास्त वाटला, म्हणून १९२८ मध्ये जड अ‍ॅक्च्युएटर (वर मूठ असलेला, गोळीबारात मागेपुढे सरकणारा भाग) बसवून तो सुमारे ६०० ते ७०० वर आणण्यात आला आणि शिल्लक बंदुकांवरील १९२१ या आकड्यातल्या शेवटच्या १ वर चक्क ८ चा ठसा मारण्यात आला. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यापासून नव्या मशीनगनची खासगी नोंदणी बंद असल्यामुळे, आहे ती बंदूक कमी झिजावी म्हणून मी त्या काळातला मूळ अ‍ॅक्च्युएटर दोन वर्षे शोधत होतो.

तो देतो म्हणणारा माणूस भेटला तेव्हा मी आंधळेपणाने पैसे पाठवले असे कोणी समजू नये. आठच्या ठशाचा इतिहास मी विचारण्याआधीच त्याने सांगितला, अ‍ॅक्च्युएटरच्या मुठीतल्या खाचेतून नेम कसा दिसतो हेही समजावले. एवढी माहिती असलेला माणूस लबाड असेल अशी शंका मला आली नाही, आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणाला आली असती असे मला आजही वाटत नाही.

मात्र एक क्षण असा होता की मी तिथेच थांबायला हवे होते. त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून छायाचित्र पाठवा, असे मी त्याला लिहिले होते. उत्तरादाखल आधीचेच छायाचित्र थोडे कापून आले. त्यात कागद नव्हता. त्याऐवजी, आणखी एक ग्राहक वाट पाहत आहे, एवढे एक वाक्य होते. मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले, कागद नसल्याचे मला स्पष्ट दिसले, आणि तरीही वीस मिनिटांत मी १,३५० डॉलर भागाचे आणि २८.५० डॉलर टपाल व विम्याचे पाठवून दिले. तेही त्याच्याच आग्रहावरून, मित्राला पैसे देतो असे दाखवून. खरेदीची रक्कम या मार्गाने मागितली गेली, तर समोरचा कितीही जाणकार असो, व्यवहार तिथेच मोडावा.

भाग आला, पण पुसताना फडक्यावर काळसर निळा रंग उतरला आणि ताज्या रसायनाचा वास आला. भिंगाखाली पाहिले तर कानशीने घासलेल्या पट्ट्यात एस या अक्षराचा वरचा बाक अजून शाबूत होता. सॅव्हेज या अमेरिकी शस्त्र कंपनीने दुसऱ्या महायुद्धात बनवलेल्या भागांवर हे अक्षर असते. त्या भागाने वेग कमी झालाही असता. परंतु युद्धकाळातल्या साध्या सुट्या भागासाठी मी एवढी रक्कम मोजली नव्हती. बंदुकांच्या कारागिराने तपासणीचे ६५ डॉलर घेऊन हेच लेखी दिले. निळाई, म्हणजे पोलादावर रसायनाने चढवलेला तो काळसर निळा थर, नवी दिसली तर ठसा शोधण्याआधी घासलेली जागा शोधावी.

त्यानंतरच्या अनुभवाने अधिक संताप आला. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितले की मित्राला दिलेल्या रकमेला संरक्षण नाही. बँकेने सांगितले की व्यवहार मी स्वतः मंजूर केला होता. पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला, आणि विक्रेता दुसऱ्या राज्यात असल्याने तिथे तक्रार करा म्हणून सांगितले. तिथल्या पोलिसांनी मला माझ्याच गावी परत पाठवले. टपालाचा विमा हरवलेल्या किंवा फुटलेल्या वस्तूचा असतो, खोट्या वस्तूचा नाही, हेही तेव्हाच कळले. सबमशीन गन हा शब्द उच्चारताच प्रत्येक खिडकीपलीकडचा माणूस फसवणूक बाजूला ठेवून माझ्याच परवान्याची चौकशी करू लागे. नोंदणीची कागदपत्रे मी चार वेळा दाखवली, कारागिराचा लेखी अभिप्राय मात्र एकानेही वाचला नाही. ऑनलाइन तक्रारीचा एक क्रमांक मिळाला, त्यापुढे अकरा आठवड्यांत एक ओळही आलेली नाही.

बनावट भाग मी परत पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही, कारण तो पुन्हा घासून दुसऱ्या कुणाला विकला जाईल. मूळ नौदल अ‍ॅक्च्युएटर म्हणून तुम्हाला कोणी छायाचित्रे दाखवली असतील, तर पैसे पाठवण्यापूर्वी माझ्याकडून त्या घासलेल्या पट्ट्याची छायाचित्रे मागवून घ्यावीत.