एअरमॉड: बेळगाव भागात गळीत हंगामभर वापरल्यानंतर

एअरमॉड म्हणजे चिमणीचा धूर हवेत कसा पसरतो आणि जमिनीवर किती येतो ते काढणारं संगणकी मॉडेल. ते फुकट मिळतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2005 मध्ये ते नियमात घेतलं, आणि त्याच्या गणिताबद्दल आमची तक्रार नाही. घोळ होतो तो आपण काय भरतो त्यात.

उत्सर्जनाचा दर दुप्पट भरला की जमिनीवरचं प्रदूषणाचं प्रमाणही बरोबर दुप्पट येतं. म्हणून सुरुवात तिथून करा. साखर कारखान्यातल्या बगॅस (उसाचं चिपाड) बॉयलरची चिमणी समजा 2.5 मीटर व्यासाची, धुराचा वेग सेकंदाला 12 मीटर, तापमान 150 अंश. म्हणजे सेकंदाला सुमारे 59 घनमीटर. याला घनमीटरमागे 150 मिलिग्रॅम धूलिकणांच्या मर्यादेने थेट गुणलं की 8.8 ग्रॅम येतात. पण ती मर्यादा 25 अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेल्या घनमीटरची आहे. तापमान आणि साडेसातशे मीटर उंचीवरचा दाब धरला की 5.7 ग्रॅमच राहतात. वाफ वजा केली तर त्याहून कमी. वेग आणि तापमान मात्र चिमणीच्या तोंडाशी असतील तेच भरायचे, कारण धुराचा लोट किती चढणार ते त्यांवर ठरतं. प्रदूषणाच्या अहवालात मर्यादेसाठीचे आणि चिमणीच्या तोंडाशी असलेले आकडे हमखास एकमेकांत मिसळलेले असतात.

खरी डोकेदुखी वाऱ्याची. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या नोंदींत वेग पूर्ण नॉटमध्ये आणि दिशा दहा-दहा अंशांच्या टप्प्यात. ऐन हंगामात, जानेवारीच्या रात्री वारा पडतो, धूर खालीच कोंडतो, आणि नेमके तेच तास 'शांत' धरून मॉडेल सोडून देतं. 24 तासांतले 10 तास असे गेले तर उरलेल्या 14 तासांची बेरीज 14 ने नाही, 18 ने भागली जाते. चिक्कोडी-अथणीकडच्या गावांत लोक सगळ्यात जास्त धूर ज्या रात्री घेतात, तीच रात्र कागदावर स्वच्छ दिसते. हे चालवून घेऊ नये. शांत तासांची संख्या निकालाच्या फाइलमध्ये छापून येते, ती अहवालात मागाच.

जमिनीचा खडबडीतपणा वारामापकाभोवतीच्या एक किलोमीटरचा भरायचा असतो, कारखान्याभोवतीच्या उसाचा नव्हे. बोवेन गुणोत्तर (जमिनीची उष्णता हवा तापवण्यात किती आणि ओल उडवण्यात किती जाते त्याचं प्रमाण) मात्र महिन्यागणिक बदला. जुलैची चिंब माती आणि एप्रिलची भेगाळलेली रानं एका आकड्यात बसत नाहीत.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीसाठी (धातूच्या ओतशाळेसाठी) शेडची मापं टाकल्याशिवाय मॉडेल चालवू नका. शेड 12 मीटर उंच आणि रुंदीला त्याहून मोठी असेल तर 30 मीटरपेक्षा बुटक्या चिमणीचा धूर शेडमागच्या भोवऱ्यात सापडून खाली येऊ शकतो.