मालवणला "तीन बेटं एका दिवसात" पॅकेज घेताय? आमचे ९,९०० गेले

लिहू की नको करत आठ दिवस गेले, लाज वाटत होती. पण दिवाळीची सुट्टी येतेय, अजून कोणीतरी अडकणारच.

रील बघून एका एजंटचा नंबर घेतला. सिंधुदुर्ग किल्ला, त्सुनामी आयलंड (देवबागजवळचा वाळूचा पट्टा), निवती रॉक, वर डॉल्फिन, माणशी १,६५०. आम्ही सहाजण. ५,००० आधी, ४,९०० देवबागला बोटीत चढताना. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. नवरा म्हणाला हे काय, मीच म्हटलं भावाचं खातं असेल, कर पटकन. स्क्रीनवर बोटवाल्याचं नाव नसेल तर पैसे सोडू नका, जीपे असो की फोनपे.

पण खरी चूक त्याच्याही आधीची. बोट ९ला येणार होती ती १ला आली, तोवर आम्ही माडाखाली बसलेलो, तिथे जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "किल्ल्यार? हयसून होडी जाणा नाय ओ, मालवण जेटीर जावचा लागता." इतकं स्पष्ट! आणि मी काय केलं, तर त्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ते जुन्या लोकांना माहीत नसतं, आपली स्पेशल परमिशन आहे." पटलं मला. सासूबाईंना महाराजांच्या हाता-पायाचा ठसा बघायचा होता, त्यासाठीच तर ही ट्रिप, उन्हात चार तास बसल्यावर माणूस आशेवरच बसतो ना.

बोटवाल्याने डॉल्फिन पॉइंटला चक्कर मारली, मग त्सुनामी आयलंडला, तिथे भरती, वाळू पाण्याखाली, दहा मिनिटं गुडघाभर पाण्यात उभे. (भरती-ओहोटीची वेळ आधी बघा, ते फुकट असतं.) निवतीचं नाव काढलं तर म्हणाला माका फक्त १,८०० मिळाले, दोन पॉइंटचे. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पण जॅकेट सहाजणांत चारच, तेव्हाच उतरायला हवं होतं.

३ वाजले. संध्याकाळची कुडाळहून गाडी, किल्ला राहिलाच. उरलेला वेळ घालवला चौकीत. तिथे म्हणे हे ऑनलाइन आहे, सायबरला जा. बंदराच्या लोकांकडे गेलो तर पावती दाखवा, बोटीचा नंबर दाखवा. पावती कोण देतंय! १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावला, तक्रार नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवले. म्हणजे आम्हीच गुन्हेगार? सगळे चॅट, स्क्रीनशॉट, त्याचा नंबर, खात्यावरचं नाव हातात दिलं, अजून काय पुरावा आणायचा सामान्य माणसाने? एकाने तर सासऱ्यांना "एवढे पैसे देताना विचार करायचा" असं ऐकवलं. ७२ वर्षांच्या माणसाला.

किल्ल्याला जायचं तर मालवण जेटीवर जाऊन तिथेच तिकीट काढा, मध्ये कोणी नको. पावसाळ्यात तर बोटी बंदच असतात, तेव्हाचं बुकिंग कोणी घेत असेल तर तिथेच थांबा.

परवा त्याच नंबरचं स्टेटस बघितलं. तेच पॅकेज, तेच फोटो, आता माणशी १,७५०.