पिवळ्या कार्ट्रिजमध्ये गेले साडेचार हजार

जुन्या गेमबॉयच्या (निन्टेन्डो कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र) कार्ट्रिज, म्हणजे त्यात घालायच्या गेमच्या डब्या, घेणाऱ्यांनी हे वाचा. माझे साडेचार हजार गेले, तेही वाशी स्टेशनबाहेर, भर दुपारी, समोरासमोर.

गेम होता 'डाँकी काँग लँड'. 1995 सालचा, इंग्लंडच्या रेअर कंपनीचा, केळ्यासारख्या पिवळ्याधमक कार्ट्रिजमधला. पहिलीच लेव्हल जंगलातली. काकांनी मस्कतहून गेमबॉय आणला तेव्हा दादा आणि मी चार पेन्सिल सेल उतरेपर्यंत तो खेळायचो. ठाण्यात घर बदलताना कार्ट्रिज हरवली. दादाच्या वाढदिवसाला तीच द्यायची, असं मनात होतं.

जाहिरात पाहून गेलो, तर विकणाऱ्याने स्वतःच्या गेमबॉयवर गेम लावून दाखवला. माकड उड्या मारू लागलं आणि मी लगेच यूपीआय केलं. चालतो म्हणजे ओरिजिनल, असं धरून चाललो. इथेच फसलो, कारण नकलीही चालते.

या गेममध्ये लेव्हलमधली के-ओ-एन-जी ही चारही अक्षरं गोळा केली तरच सेव्ह करता येतं. दादाने रात्री जागून ती गोळा केली, सेव्ह केलं. सकाळी फाइल रिकामी. त्याचा चेहरा बघवेना. विकणारा म्हणाला, "बॅटरी जुनी आहे हो, संपली असेल." मला पटलं, कारण खऱ्या कार्ट्रिजमध्येही सेव्हसाठी बटण सेल असतो आणि इतक्या वर्षांनी तो संपतोच.

सेल बदलून घ्यायला नौपाड्यातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने साध्या प्लसच्या स्क्रू ड्रायव्हरने कार्ट्रिज उघडली. ती तशी उघडायलाच नको होती! निन्टेन्डोच्या स्क्रूला 3.8 मिलिमीटरचं खास टोक लागतं. आत सेल नव्हताच, सेलची जागाही नव्हती. बोर्डवर निन्टेन्डोचं नाव नाही, चिपच्या जागी नुसता काळा डिंकासारखा गोळा. खऱ्या लेबलवर दाबून उमटवलेला बारीक आकडा असतो, तिरक्या उजेडात दिसतो. इथे तोही नाही.

विकणाऱ्याला हे फोटो पाठवले, तर त्याने मला ब्लॉक केलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

काल तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली, फोटोही तेच. मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहा. स्क्रूवर अधिकचं चिन्ह स्पष्ट दिसतं.