स्ट्रट बार घ्यावा की आधी टायर-बुश बदलावेत? घाटात गाडी नीट वळायला हवी असेल तर

ताम्हिणीतून कोकणात उतरताना माझी जुनी स्विफ्ट मला सारखी खटकायची. स्टिअरिंग वळवलं की गाडी क्षणभर रेंगाळायची आणि मग वळणात शिरायची. ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगायचा, स्ट्रट बार टाक, म्हणजे बॉनेटखाली सस्पेंशनचे दोन्ही टॉवर जोडणारी आडवी दांडी. मी टाकला. काही महिन्यांनी गाडीच्या पोटाखालचा, खालचा बारही टाकला. लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्यांचे, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलले ते त्यानंतर वर्षभराने. हा क्रम उलटा असायला हवा होता, हे आज मी कुणालाही ठामपणे सांगतो. तुमच्या हातात दहा-पंधरा हजार असतील आणि ते बारवर घालावेत की दुसरीकडे, हे ठरत नसेल, तर पुढचं वाचा.

बार नेमकं काय करतो? जुनं लाकडी टेबल डुगडुगायला लागलं की सुतार पायांमध्ये आडवी पट्टी मारतो. गाडीच्या बॉडीत बार लावणं म्हणजे तीच पट्टी. पण ते टेबल गादीवर ठेवलं असेल तर कितीही पट्ट्या मारा, ते हलणारच. गाडीच्या बाबतीत ही गादी म्हणजे टायर, बुश आणि स्प्रिंग.

थोडा हिशेब करून पाहू. साध्या हॅचबॅकमध्ये एका चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा सुमारे २० न्यूटन प्रति मिलिमीटर धरा. दोन चाकांमधलं अंतर जवळपास दीड मीटर. यावरून पुढची-मागची चाकं मिळून गाडीला एक अंश कलवायला ८०० ते १००० न्यूटन-मीटर लागतात. तीच गाडी बॉडीतून एक अंश पिळायची म्हटली, तर आजच्या हॅचबॅकला ढोबळमानाने पंधरा-वीस हजार न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे बॉडी आधीच सस्पेंशनच्या पंधरा-वीस पट कडक आहे. बार लावून ती आणखी १० टक्के कडक केली, तरी गाडीच्या एकूण कलण्यात एक टक्कासुद्धा फरक पडत नाही. 'बॉडी फ्लेक्स कमी होतो, म्हणून गाडी कमी झुकते' हे दुकानात ऐकायला मिळणारं वाक्य म्हणूनच खरं नाही. गाडी कमी झुकते ती कडक स्प्रिंगमुळे किंवा अँटी-रोल बारमुळे, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून कलणं रोखणाऱ्या दांडीमुळे.

मग बार निरुपयोगी आहे का? नाही. संपूर्ण बॉडी कडक असली तरी सस्पेंशन जिथे बोल्टने जोडलेलं असतं त्या जागा थोड्या हलतात. बार उपयोगी पडतो तो तिथे. म्हणून खरा प्रश्न असा की कोणती जागा जास्त हलते.

वरचा बार आणि खालचा बार

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना फोर्डने १९५०च्या सुमारास रस्त्यावर आणली. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा सोडणारी. यात चाक दोन ठिकाणी धरलेलं असतं: खाली लोअर आर्म आणि वर बॉनेटखालचा टॉवर.

वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर रस्त्याकडून, समजा, २५० किलोचा आडवा जोर आला. बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाला जोडणारा सांधा) जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आणि टॉवर ८० सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर साध्या तरफेच्या नियमाने लोअर आर्मवर ३३० किलोच्या आसपास जोर येतो आणि टॉवरवर फक्त ८०-८५ किलो, तोही उलट्या दिशेने. प्रत्यक्षात स्ट्रटचा तिरपेपणा वगैरे गोष्टींनी आकडे थोडे बदलतात, पण चित्र हेच राहतं. मोठा भार खाली असतो आणि चकचकीत रंगवलेला बार आपण लावतो वर.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वळणात दोन्ही टॉवर एकाच दिशेला ढकलले जातात. स्ट्रट बार दोघांना एकमेकांशी बांधतो, त्यामुळे तो जोर थांबवत नाही, फक्त जास्त भार असलेल्या टॉवरचा थोडा वाटा दुसऱ्यावर टाकतो. बार सरळ आणि जाड असेल तर हे काम बरं होतं. इंजिनावरून वळसा घालून गेलेला वाकडा बार मात्र ताण आला की स्वतःच वाकतो.

याची परीक्षा मी स्वतः घेतली. माझ्या बारचे ब्रॅकेट टॉवरवर कायम राहायचे, मधली दांडी दोन बोल्ट काढले की हातात यायची. मुळशीच्या पुढे एका सकाळी मित्राला सोबत घेतलं. तीन किलोमीटरचा तोच रस्ता, टायरमध्ये तीच हवा, आठ फेऱ्या. प्रत्येक फेरीआधी मी रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचो, तो बॉनेट उघडून दांडी लावायचा किंवा डिकीत गोधडीत गुंडाळून ठेवायचा, पाना मात्र दोन्ही वेळा खुळखुळवायचा. आठपैकी पाच वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी चार बरोबर आली असती. एवढं मात्र जाणवलं की रस्त्यावरच्या आडव्या सांध्यांवरून जाताना, दांडी असली की डॅशबोर्डची कुरकुर थोडी कमी व्हायची.

खालच्या बारची गोष्ट वेगळी निघाली. माझ्या गाडीत लोअर आर्मच्या मागच्या जोडांच्या दोन्ही बाजू बारने बांधल्यावर स्टिअरिंगच्या मधल्या भागातला ढिलेपणा कमी झाला. एक्सप्रेसवेवर लेन बदलताना हात हलवला की गाडी लगेच ऐकायची. पकड वाढली नव्हती, उत्तर लवकर मिळत होतं. बारचा खरा फायदा माझ्या मते हाच. पण काही गाड्यांचा सबफ्रेम, म्हणजे सस्पेंशन ज्यावर बसवतात ती खालची चौकट, मुळातच चारही बाजूंनी बंद असतो. तिथे खालचा बार बांधण्यासारखं फारसं काही उरत नाही. लिफ्टवर घेऊन एकदा खालून बघा, मगच पैसे मोजा. शिवाय हा बार खाली लोंबतो. आपल्या गावातल्या स्पीडब्रेकरवर चार माणसं बसवून गाडी घासते का, हे आधी पाहिलेलं बरं.

मागच्या बाजूचे बार

टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) असलेल्या गाडीत मागचा स्ट्रट बार घेऊ नका. त्या टॉवरवर शॉकअब्सॉर्बरचा उभा भार असतो, आडवा जोर बीमच्या बुशवर जातो. डिकीतली जागा मात्र जाते.

मागचा अँटी-रोल बार हा खरं तर ब्रेसिंगच, म्हणजे बॉडी घट्ट करणारी पट्टीच, नव्हे, तरी त्याच दुकानात त्याच रॅकवर मिळतो. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फरक हाच करतो. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी वळणात नाक बाहेर टाकते, ते हा कमी करतो. माझी एक काळजी आहे. पावसाळ्यात वरंधा किंवा आंबोली उतरताना वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, तर जाड बारवाली गाडी मागून सुटू शकते. घरातले इतरही गाडी चालवत असतील तर मी तो लावणार नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे

टायर. रस्त्याला चिकटतात ते फक्त टायर, दुसरं काहीही नाही. सहा-सात वर्षांचे टायर नक्षी शाबूत असली तरी आतून कडक झालेले असतात. साइडवॉलवर चार आकडी कोड असतो: ३४१९ म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. आजच वाकून बघा. आपल्या मापाच्या चार चांगल्या टायरांचे वीस-बावीस हजार जातात, बारच्या दुप्पट. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक आणि वळण दोन्ही सुधारतं. कुठलाही बार ब्रेकिंगचं अंतर एक फूटही कमी करत नाही.

बुश. माझ्या गाडीचे जुने बुश काढले तेव्हा मेकॅनिकने एक माझ्या तळहातावर ठेवला. वरून ठीक दिसत होता. त्याने अंगठ्याने दाबला तेव्हा रबर मधल्या नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं दिसलं, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसं. ब्रेक लावला की चाक त्या फटीएवढं मागे सरकत होतं आणि ते रेंगाळणं मी दोन वर्षं बॉडीच्या माथी मारत होतो. मजुरीसकट मला साडेचार हजार लागले. ताम्हिणीत दुसऱ्या वळणालाच गाडी नवी वाटली.

शॉकअब्सॉर्बर ऐंशी हजार किलोमीटर झालेले असतील तर तेही तपासा. अलाइनमेंट हजाराच्या आत होतं, सुरुवात तिथूनच करावी.

कुणी काय घ्यावं

गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर आधी अलाइनमेंट, मग बुश आणि बॉल जॉइंट, मग टायर. बारचा विचार त्यानंतर. त्या तिन्ही गोष्टी चांगल्या अवस्थेत असतील आणि स्टिअरिंग अजून तरतरीत हवं असेल, तर पुढचा खालचा बार. वरचा स्ट्रट बार त्याच्याही नंतर. कन्व्हर्टिबलचा हिशेब निराळा आहे. छप्पर गेलं की बंद पेटीचा उघडा खोका होतो, तिथे ब्रेसिंगचा फरक प्रवाशालाही कळतो. १९९५ च्या होंडा इंटेग्रा टाइप आरला कारखान्यातूनच स्ट्रट बार आला होता, हे उदाहरण बारच्या बाजूने नेहमी दिलं जातं. ते खरं आहे. पण त्याच गाडीला कडक स्प्रिंग, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा भाग) आणि चिकट टायरही मिळाले होते. बार त्या सगळ्यांच्या जोडीला होता.

लावायचंच ठरलं तर एक गोष्ट पाळा. बारचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी असताना. माझा खालचा बार एका वर्कशॉपने गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना करकचून आवळला. खाली उतरवल्यावर सबफ्रेमवर कायमचा ताण बसला, प्रत्येक उंचवट्यावर टक्-टक् आवाज यायला लागला आणि तो शोधण्यात दोन रविवार गेले. बोल्ट ढिले करून, गाडी दोनदा पुढे-मागे ढकलून, टॉर्क रेंचने परत आवळले तेव्हा आवाज बंद झाला. पाचशे किलोमीटरनंतर तेच बोल्ट पुन्हा तपासायचे. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.