जोशुआ ट्री की साधा युका? इंदूरच्या गच्चीसाठी

युका, म्हणजे तलवारीसारख्या लांब पानांचं झाड, लावायचा एवढं ठरलं असेल, तर प्रश्न उरतो तो एकच: त्याचाच एक प्रकार असलेला जोशुआ ट्री बियांपासून वाढवायचा, की नर्सरीतला बिनकाट्याचा युका उचलून आणायचा?

जोशुआ ट्री अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातला. वर्षाला ५-७ सेंटीमीटर वाढला तरी खूप. मुलगी आज पहिलीत असेल, तर ती बारावीला जाईपर्यंत झाड तिच्या गुडघ्याच्या जरासं वर येईल, तेही सगळं मानवलं तर. बी काळं, चपटं. ऊब मिळाली की पंधरवड्यात गवताच्या पात्यासारखा कोंब दिसतो. इथवर सोपं आहे. खरा घात करतो तो आपला पावसाळा.

पहिल्या खेपेला माझी बारापैकी नऊ बियाणी उगवली. सवयीने कुंडीत काळी माती नि शेणखत घातलं होतं. जुलैत झड लागली. चौथ्या दिवशी एका रोपाला नुसतं बोट लावलं, तर ते अलगद हातात आलं. खाली मुळांच्या जागी तपकिरी लिबलिबीत गाळ. नऊच्या नऊ गेली. दुसऱ्या खेपेला दोन भाग जाड वाळू, एक भाग बारीक मुरूम, एक भाग माती घेतली. मूळ आधी खोल जातं, म्हणून कुंडी उंच घेतली आणि जून ते सप्टेंबर ती पत्र्याखाली ठेवली. दोन रोपं तगली.

बिनकाट्याचा युका मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, त्यामुळे पावसाला तो इतका बिचकत नाही. खोडाचा तुकडा चार दिवस सावलीत सुकवून लावा, फुटतो. पाणी मात्र तुंबू देऊ नका. बुंधा हत्तीच्या पायासारखा फुगतो आणि जमिनीत झाड दुमजली घराएवढं होतं, म्हणून कंपाउंडच्या भिंतीला खेटून नको. याचं फूल एल साल्वादोरचं राष्ट्रीय फूल. तिथे पाकळ्या अंड्यांत परतून खातात. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत अजून कोणी त्याची भजी तळली नाहीत, एवढंच!

घरात कुत्रं-मांजर असेल तर दोन्ही त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, चघळलं तर बाधतं. जोशुआचं पान टोकाला सुईसारखं, तेव्हा लहान मुलांनाही जपा.

गौरी-गणपतीत आठवडाभर गावाला जात असाल आणि सरीबरोबर कुंड्या आत ओढणारं मागे कोणी नसेल, तर बिनकाट्याचाच घ्या. माझी दोन रोपं तीन वर्षांची झाली, अजून वीतभरही नाहीत.